जीवरामची घागर

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी शर्यत ठेवायची ही अक्कल तोताराम मोटर-रिवायंडिंगवाल्याची. कारखान्यांना सुटी असते आणि तळ्यावर वारा पडलेला असतो, एवढंच त्यानं पाहिलं. भडगावजवळच्या त्या पाझर तलावावर जळगावच्या पाइप कारखान्यातली काही हौशी मंडळी दर उन्हाळ्यात रिमोटच्या होड्या घेऊन जमायची. बॅटरीवर चालणाऱ्या, हातभर लांब होड्या. बायका याला पोरखेळ म्हणायच्या, आणि त्यांचं फारसं चुकत होतं असंही नाही. नियम सोपा होता. बॅटरी घरून भरून आणायची, मध्ये बदलायची नाही, आणि पाण्यात तरंगत ठेवलेल्या दोन डब्यांना वळसे घालत राहायचं. ज्याची होडी सगळ्यांत शेवटी थांबेल तो जिंकला.

पितांबरला यंदा जिंकायचंच होतं. होडी त्याच्या थोरल्या भावाची, जीवरामची. गेल्या वर्षीच्या शर्यतीत ती पलीकडच्या डब्यापाशी शेवाळात अडकली, तेव्हा जीवराम ट्रकच्या ट्यूबवर बसून तिला सोडवायला गेला. मोटर मागे-पुढे करून बघता यावी म्हणून रिमोट गळ्यात अडकवलेला होता. पट्टा आईनंच शिवलेला, जुन्या लुगड्याच्या हिरव्या काठाचा. ट्यूब उलटली. होडी सापडली, दुसऱ्या दिवशी जीवरामही सापडला. रिमोट तेवढा तळाशी राहिला.

पितांबरनं मुंबईहून नवा रिमोट मागवला, त्याच क्रिस्टलचा. क्रिस्टल म्हणजे नखाएवढा तुकडा. होडीतला आणि रिमोटमधला जुळला की होडी त्या रिमोटचं ऐकते. दोन रिमोटचे सारखे निघाले, तर होडी दोघांचंही ऐकते. म्हणून शर्यतीआधी तोताराम सगळ्यांचे रिमोट तपासून घ्यायचा. त्यानं यंदाही तपासले. पितांबरच्या क्रिस्टलचा दुसरा रिमोट काठावर कुणाकडेच नव्हता.

घरी मात्र सकाळी खटका उडाला होता. माणूस गेला की पुढच्या आखाजीला त्याच्या नावानं नवी घागर भरायची, नाव घ्यायचं, विस्तवावर घास टाकायचा. मग तो पितरांच्या पंगतीला बसतो. तोवर बिचारा दाराबाहेरच ताटकळत असतो. घागर घरच्या कर्त्या पुरुषानं भरायची, आणि बाप कधीच गेलेला, म्हणजे राहिला पितांबर.

"पहिले घागर भर," आई, धुरपदाबाई, म्हणाली. "मंग तुनं काय शे ते कर."

"जिकीसन येस, माय. मंग भरस," असं म्हणून हा होडी काखोटीला मारून निघाला. भावासाठीच तर जिंकायचं आहे, मग दोन घटका उशीर झाला तर भाऊ काय रागावणार आहे! असा त्याचा शहाणपणा. मेलेल्यालाही भूक असते हे लहानपणापासून ऐकलेलं, पण त्या घाईत आठवेल तर शपथ.

ऊन डोक्यावर आलं. एकेक होडी मंदावून थांबली. मंडळींनी आपापले रिमोट बंद करून तोतारामच्या सतरंजीवर ठेवले. पितांबरची होडी फिरत राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. होडी फिरतच राहिली, कुठलीच बॅटरी टिकणार नाही इतका वेळ. हळूहळू टाळ्या थांबल्या आणि कुणी कुणाकडे बघेना.

पितांबरला तेव्हाच ते दिसलं. तो पलीकडच्या डब्याला नेहमी चिकटून वळायचा. होडी डबा दूर सोडून, ऐसपैस वळत होती. तसं फक्त जीवराम वळवायचा. पितांबरचा अंगठा तर मघापासून हललाही नव्हता.

त्याला भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर त्याला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. "दादा," तो पुटपुटला, "अजून एक फेरा." होडीनं अजून एक फेरा मारला.

"बंद कर ना रे भो!" तोतारामचा आवाज चिरकला.

पितांबरनं बटण बंद केलं. होडी फिरत होती. शेवटी पलीकडच्या डब्यापाशी, त्याच शेवाळाजवळ, ती आपोआप थांबली आणि तिनं नाक त्याच्याकडे वळवलं. मोटर मात्र गुणगुणत होती. भरदुपारी त्या तळ्यावर दुसरा आवाज नव्हता.

आणायला तर जायला हवं, असं त्याला वाटलं. सरळच होतं ते. पाणी गार होतं, पायांखाली गाळ मऊ होता. मागून हाका येत होत्या, पण दुसऱ्याच कुणाला मारल्यासारख्या. पाणी छातीला लागलं तेव्हा कुणीतरी त्याचा सदरा मागून गच्च धरला.

आई होती. लुगड्यानिशी पाण्यात, कडेवर कोरी घागर. वाट बघून बघून ती शेवटी स्वतःच निघून आली होती.

"मना पोऱ्या सकायपाईन उपाशी शे," ती म्हणाली, "आनि तू इठे होडी फिराई राह्यना? भर घागर. त्यानं नाव ले."

पितांबरनं तिच्याकडून घागर घेतली. त्यानं तिथंच घागर बुडवली. पाणी आत शिरताना बुडबुड आवाज झाला आणि त्याच्या तोंडून कसंबसं नाव निघालं, "जीवराम." घागर भरली. पलीकडे होडी हलली.

ती हळूहळू आली. काहीतरी जड ओढत असल्यासारखी एका अंगाला कलली होती. पितांबरच्या छातीला तिचं नाक टेकलं आणि मोटर बंद पडली. एवढी पळालेली बॅटरी हाताला चटका देते. ही विहिरीच्या पाण्यासारखी गार होती.

होडीच्या सुकाणूत शेवाळ गुंतलं होतं, आणि शेवाळात एक पट्टा, लुगड्याच्या हिरव्या काठाचा. धुरपदाबाईनं तो हळूहळू ओढला. गाळानं भरलेला रिमोट वर आला. तिनं पदरानं तो पुसला, लेकराचं तोंड पुसावं तसा. त्याचं बटण चालू होतं.

तिनं अंगठ्यानं ते बंद केलं.

"पुरं झायं, जीवराम," ती म्हणाली. "चाल आते, जेवाले चाल."