अत्तरवाल्यांचं माहितीपत्रक

पदार्थाचे नाव

इथाइल मर्कॅप्टन. नवऱ्याच्या कारखान्यात तेच बनतं आणि तिथल्या प्रत्येक पिंपावर असं रकान्यांचं माहितीपत्रक चिकटवतात. आमच्या इमारतीत नवऱ्याचं नाव कुणाच्याच लक्षात राहत नाही. सगळे त्याला ‘अत्तरवाले’ म्हणतात.

रंग

नाही. पाण्यासारखं स्वच्छ. दिसायला अगदी गरीब गाय.

उत्कलनबिंदू

पस्तीस अंश. तळहाताच्या उबेनेच उडून जायला बघतं. तळमजल्यावरच्या घरमालकांचाही साधारण तेवढाच असावा.

वास

सडलेला कांदा, त्याखाली कुजलेला कोबी. हवेच्या अब्ज भागांत एखादाच भाग असला तरी माणसाच्या नाकाला कळतो. नवरा कारखान्यातच अंघोळ करतो, कपडे बदलतो, बूटसुद्धा तिथेच ठेवतो. तरी घड्याळाच्या चामडी पट्ट्यात किंवा कानामागच्या केसांत कुठेतरी चिमूटभर दडून घरी येतंच.

त्याला स्वतःला काही कळत नाही. रोजच्या सहवासाने नाक संपावर जातं.

विद्राव्यता

पाण्यात जेमतेम. सासूबाईंच्या मते साबणातही नाही.

“आई, तीनदा अंघोळ केली त्यांनी.”

“मग चौथी करायला सांग. लग्नाआधी माझ्या पोराला असला वास नव्हता.”

“लग्नाआधी ते घरी बसून होते, आई.”

“बसून होता, पण स्वच्छ होता!”

उपयोग

शेतीच्या औषधांत कच्चा माल म्हणून जातं. पण खरं काम वेगळंच. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळला तर कळणार कसं? म्हणून त्यात हे थेंबभर घालतात. एवढंसं पोरगं, पण बोंब मारायला पक्कं.

“मी राखणीचं कुत्रं बनवतो,” नवरा म्हणतो, “आणि लोक भुंकण्यावरच चिडतात.”

स्थैर्य

धोक्यात. ह्या वासाला गळती समजून दोनदा गॅसवाल्यांना बोलावून झाल्यावर मालकांनी जिन्यातच सांगितलं, “सूनबाई, राग मानू नका, पण महिनाअखेर दुसरीकडे बघा. माझ्या पाहुण्यांनी येणं सोडलंय.”

“काका, माझं शिवणकाम इथलंच आहे. सगळी गिऱ्हाइकं याच गल्लीतली. दुसरीकडे मला कोण ओळखतंय?”

“तेही खरंच,” ते म्हणाले आणि नाकाला रुमाल लावून आत गेले. माझं मशीन इथून हललं की पहिल्या टाक्यापासून सुरुवात, हे त्यांना कळत होतं. पण नाकापुढे कुणाचं चालतं?

साठवण

हा रकाना कोरा. आमच्याकडे साठवण्यासारखं काही नाही.

गळती झाल्यास

त्या दिवशी नवरा रजा काढून पलीकडच्या शहरात घर बघायला गेला होता. सासूबाई तळमजल्यावर मालकीणबाईंकडे पत्ते खेळायला गेल्या होत्या. मी दुपारी एका गिऱ्हाइकाचा झगा पोचवून परतले. दारातच ओळखीचा भपकारा आला. आला वाटतं लवकर, म्हणून जिना चढले, आधण ठेवलं, लायटर उचलला आणि आत हाक मारली, “अहो, चहात आलं घालू?”

वळून बघितलं. दारात चपला नाहीत.

आणि तेव्हा जिना आठवला. नवऱ्याचा वास आमच्या मजल्याकडे यावं तसा वाढत जातो. आज मात्र चढताना कमी होत गेला होता.

लायटर तसाच टाकून मी खाली धावले. बेल नाही दाबली. विजेची ठिणगी नको, हे नवऱ्याने घोकून घेतलेलं. दोन्ही मुठींनी दार बडवलं.

मालक एका हातात काडेपेटी घेऊन आले. “अहो, जरा दम! चहाच ठेवत होतो.”

“काडी ओढू नका! गॅस गळतोय!”

“गॅस कसला? अत्तरवाले आलेत. म्हणून तर मी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या!”

“ते गावाला गेलेत, काका!”

काडेपेटी खाली पडली. मी आत घुसून सिलिंडर बंद केला आणि खिडक्या सताड उघडल्या. शेगडीच्या नळीला बोटभर भेग होती. दोघी म्हाताऱ्यांना हाताला धरून रस्त्यावर आणलं.

“आई, तुम्हाला तरी माहीत होतं ना ते गावाला गेलेत!”

“मला वाटलं, गाडी चुकली असेल,” सासूबाई म्हणाल्या. पत्ते अजून हातात होते. “आणि माझा डाव चांगला लागला होता.”

इतर सूचना

संध्याकाळी नवरा खुशीत आला. “मिळालं घर! शहराबाहेर, माळावर आहे. शेजार औषधालाही नाही.”

मालक पायरीवरच बसले होते. “कुठे निघालात? बसा इथे. चूक वासाची नव्हती हो. तुम्ही आलात की गॅस गळतोय, हेच आम्हाला कळेना.”

“मग काय करू?”

“ओरडायचं. दारात पाऊल टाकलंत की ओरडायचं. वास आला आणि ओरडा नाही आला, तर मी सिलिंडर बंद करणार. मान्य असेल तर राहा.”

माळावरच्या घराला त्याने त्याच रात्री नाही म्हणून कळवलं. माझं मशीन खिडकीपाशी आहे तिथेच आहे. आणि रोज संध्याकाळी, शिवण सरळ ठेवत, मी कान जिन्याकडे लावते.

“मी आहे होऽऽ! मीच आहे!”

“कळलंऽऽ!” तळमजल्यावरून मालक ओरडतात आणि खिडक्या लावून घेतात.