शेवटपर्यंत पाहिलंत ना?

मित्रांनो, मला पाहून तुमच्यातले निम्मे माझ्यात आपला चेहरा बघतील आणि निम्मे मधल्या भोकात बोट घालून मला गरगर फिरवतील. फिरवा, माझी हरकत नाही. सगळं आयुष्य मी फिरण्यातच घालवलं आहे. मी एक जुनी सीडी आहे. तुमच्या आईबाबांना विचारा, ते ओळखतील. एकेकाळी आमचा फार तोरा होता.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. प्लास्टिक वितळवून त्याची चकती केली, तिच्यावर रंगाचा एक थर दिला, वर चांदीसारखा मुलामा चढवला आणि आम्हा बहिणींना एका दांडीत ओवून ठेवलं. आम्ही सगळ्या अगदी कोऱ्या होतो. कुणाच्या नशिबी हिशेब येणार, कुणाच्या नशिबी लग्नातले फोटो, यावर आमची दिवसभर कुजबुज चालायची. माझी वरची बहीण म्हणायची, काही का लिहिनात, वाचलं गेलं म्हणजे झालं. तेव्हा मला ती उगाच मोठेपणाचा आव आणते असं वाटायचं.

मला एका आईने विकत नेलं. तिची मुलगी नुकती चालायला लागली होती. तिला घरात पिटू म्हणत. पिटूचे बाबा मालवाहू बोटीवर इंजिनाचं काम पाहायचे. एकदा गेले की कित्येक महिने समुद्रावर. घरी यायचे तेव्हा आणलेल्या बाहुलीशी पिटूची लगेच गट्टी जमायची, बाबांशी जमेपर्यंत त्यांची परत जायची वेळ व्हायची. म्हणून आईने ठरवलं की पिटूला कॅमेऱ्यात टिपायचं आणि सीडीवर घालून ती बाबांबरोबर बोटीवर पाठवायची.

सीडीवर लिहिण्याला लोक ‘बर्न करणं’ म्हणतात. त्याचा अर्थ जाळणं, हे कळल्यावर माझी बोबडीच वळली. पण तसं काही भयंकर नसतं. प्रकाशाचा एक बारीक किरण अंगावरून फिरतो आणि बारीक बारीक खुणा करून ठेवतो. मला तर गुदगुल्या झाल्या.

मला यंत्रात घातल्यावर आईच्या संगणकाने तिला एक प्रश्न विचारला. ही सीडी डब्यासारखी उघडी ठेवायची, म्हणजे लागेल तशी भर घालता येईल? की लिहून बंद करायची, म्हणजे इतर संगणकांवरही चालेल? आईने दोन्ही ओळी नीट वाचल्या आणि पहिलीवर टिचकी मारली. मांडीवरच्या पिटूला ती म्हणाली, “बंद कशाला करायची? तुला अजून किती गोष्टी करायच्या आहेत. आणि बोटीवर संगणक आहेच की.” संगणकांनाही आपापली भाषा असते, एकाने उघडं ठेवलेलं दुसऱ्याला वाचता येतंच असं नाही, हे तिच्या गावीही नव्हतं. तिच्या लेखी संगणक तो संगणक.

मग माझ्यावर पिटू लिहिली गेली. भिंत धरून चालणारी पिटू, दुधाची मिशी आलेली पिटू, बाबांच्या चपलांत पाय घालून धपकन पडलेली आणि रडायचं की हसायचं ते न ठरलेली पिटू. मी खूश होते. हिशेबापेक्षा हे कितीतरी बरं.

सगळ्यात शेवटची चित्रफीत मात्र वेगळी होती. दुपारची वेळ होती, पिटू आईच्या खांद्यावर झोपली होती आणि आई एकटीच कॅमेऱ्याकडे पाहत हळू आवाजात बोलत होती. “अहो, इथल्या पंपदुरुस्तीच्या कारखान्यात एक जागा निघाली आहे. तुमच्यासारखाच माणूस हवा आहे त्यांना. साहेब म्हणाले, महिनाभर थांबतो. समोर विचारलं असतं तर मला बरं वाटावं म्हणून तुम्ही हो म्हणाला असता, आणि मग आयुष्यभर खिडकीतून समुद्राकडे बघत बसला असता. म्हणून इथे विचारते. सावकाश विचार करा. हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा, मला चालेल. पण फोनवर सांगा.”

मित्रांनो, एवढा मोठा प्रश्न पोटात घेऊन मी बोटीवर गेले. बाबांनी मला शर्टाच्या खिशात ठेवलं होतं. पहिल्या सुट्टीच्या दिवशी नाश्ता झाल्याबरोबर ते जेवणघरातल्या संगणकापुढे जाऊन बसले. तो संगणक आईच्या संगणकाहून निराळ्या जातीचा होता. त्याने मला आत घेतलं, दोनचार गिरक्या दिल्या आणि पडद्यावर लिहिलं, डिस्क रिकामी आहे.

मी रिकामी? माझ्या अंगावर पिटू खदखदा हसत होती आणि हा शहाणा मला रिकामी म्हणत होता. बाबांनी मला बाहेर काढलं, शर्टाच्या टोकाने पुसलं, पुन्हा घातलं. पुन्हा तेच. त्यांनी बोटीवरच्या रेडिओवाल्याला बोलावलं. त्याने मला उजेडात धरून उलटंसुलटं केलं आणि तो म्हणाला, “वहिनींनी कोरीच दिली वाटतं. घाईत दुसरीच आली असेल.”

 बाबांनी मला परत पाकिटात घातलं. माझ्या जिवाची नुसती तगमग होत होती. तुम्हाला सगळं येत असावं आणि गुरुजींनी विचारल्यावर तोंडच उघडू नये, तसं झालं माझं.

पुढच्या बंदरावर बाबांनी फोन केला. मी खिशातच होते, त्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

“सीडी पाहिलीत का?” आईने विचारलं.

 एवढ्या हौसेने केलेली सीडी कोरी निघाली हे तिला कसं सांगायचं, या विचारात बाबा पडले असावेत. मग म्हणाले, “पाहिली की.”

“शेवटपर्यंत पाहिलंत ना?”

“हो गं, अगदी शेवटपर्यंत. दोनदा पाहिलं.”

“मग?”

“मग काय, झकास. पिटू केवढी मोठी झाली.”

“एवढंच?”

“अजून काय सांगू? माझ्यामागे रांग लागली आहे फोनला. जप स्वतःला. ठेवतो.”

मी खिशात धडपडत होते, पण सीडीचं धडपडणं कुणाला कळणार? बाबांना वाटलं, बायकोचं मन राखलं. आईला वाटलं, प्रश्नाचं उत्तर मिळालं. नको म्हणायचं जिवावर आलं, म्हणून विषयच टाळला, असं ती धरून चालली. महिना संपला आणि कारखान्यातल्या जागेवर दुसरा माणूस रुजू झाला.

त्या सफरीत बाबांनी मला फेकून दिलं नाही, हे त्यांचे उपकार. काम संपलं की ते मला पाकिटातून काढायचे आणि नुसते बघत बसायचे. कोरी का असेना, घरून आलेली वस्तू होती. मला फार वाटायचं की यांच्या कानात ओरडून सांगावं, अहो, तुमची लेक इथेच आहे, तुमच्या चपला घालून उभी आहे.

बाबा घरी परतले तेव्हा पिटू दाराआड लपली. “काका आले,” असं ती आईला म्हणाली. बाबा हसले, पण बॅग उघडायला त्यांनी बराच वेळ लावला. आईही बोलायला तुटक होती. चारपाच दिवसांनी ती म्हणाली, “ती सीडी द्या. पिटूच्या नव्या गोष्टी घालायच्या आहेत.” मला हातात घेतल्यावर तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, “यातलं तुम्हाला काय आवडलं?”

“ती चालते ते.”

“आणि शेवटचं?”

“तेही छान आहे.”

आई त्यांच्याकडे बघत राहिली. “शेवटचं काय आहे, सांगा बरं.”

बाबांनी मान खाली घातली. “उघडलीच नाही गं ती. रिकामी दाखवत होती. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.”

 मला वाटलं आता आई सगळं सांगणार. पण तिने सांगितलं नाही. फक्त म्हणाली, “चला, दुरुस्तीवाल्या काकांकडे जाऊ.”

संगणक दुरुस्त करणाऱ्या काकांचं दुकान जिन्याखाली होतं. आत तीन संगणक तीन जातींचे, आणि त्यांच्यामध्ये बसायला एकच स्टूल. आईबाबांनी घरचा संगणकही उचलून नेला होता. काकांनी मला तपासलं आणि दोन मिनिटांत रोग ओळखला. “वहिनी, तुम्ही ही उघडीच ठेवली आहे. उघडी सीडी ज्या यंत्राने लिहिली त्यालाच समजते. बंद केली की बाकीच्यांनाही वाचता येईल. पण मग तिच्यात काही घालता यायचं नाही. अर्धी रिकामी आहे अजून. करू बंद?”

आईने बाबांकडे पाहिलं. “करा,” ती म्हणाली.

घरच्याच संगणकाने मला बंद केलं. मग काकांनी मला तिन्ही संगणकांत एकेक करून घातलं आणि मित्रांनो, तिघांनीही मला वाचलं. एकाने माझ्या फाइलींच्या नावांऐवजी नुसती प्रश्नचिन्हं दाखवली, पण पिटू दाखवली. मला इतका आनंद झाला की काय सांगू. काकांची एक सवय होती. पहिली आणि शेवटची फाइल चालवून बघितल्याशिवाय ते सीडी गिऱ्हाइकाच्या हातात देत नसत. पहिलीत पिटू भिंत धरून चालली. काकांनी शेवटचीवर टिचकी मारली.

आईला थांबवता आलं असतं. पण तिने थांबवलं नाही. तिचाच आवाज त्या लहानशा दुकानात सगळ्यांना ऐकू आला. साहेब म्हणाले महिनाभर थांबतो, इथपर्यंत आल्यावर काका उठले आणि बाहेर जाऊन पायरीवर उभे राहिले.

चित्रफीत संपली. बाबांनी विचारलं, “ती जागा?”

“कधीच भरली.”

बाबांनी दारातून काकांना हाक मारली. “मला यात दोन शब्द बोलायचे आहेत. शेवटी घालता येतील?”

“आता नाही हो,” काका म्हणाले. “आत्ताच तर बंद केली.”

“नवीन सीडी करा हवं तर,” आई हळूच म्हणाली. बाबांनी नको म्हणून मान हलवली आणि संगणक उचलून चालायला लागले. ते दोन शब्द काय होते, ते ना मला कळलं ना तिला. तिने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

त्यानंतर बाबा पुष्कळ वर्षं बोटीवर गेले आणि दर वेळी मला घेऊन गेले. मी प्रत्येक संगणकावर उघडले. पिटू शाळेत जायला लागली, तिचे दात पडले, ती बाबांच्या खांद्याला लागली. माझ्यावर मात्र ती अजून चपलांत अडखळत होती, आणि बाबा तिच्याकडे पाहताना दर वेळी शेवटची फीत यायच्या आत मला बाहेर काढायचे.

पुढे संगणकांना आमच्यासाठी खाचच राहिली नाही. माझ्या कितीतरी बहिणी आता कबुतरं हाकलायला गॅलरीत टांगलेल्या आहेत. मी कपाटात होते. परवा पिटूने मला शोधून काढलं. ती आता नोकरी करते. कुठूनतरी जुनं वाचणारं यंत्र मागून आणून तिने मला तिच्या संगणकाला जोडलं आणि शेवटपर्यंत पाहिलं. मग तिने बाहेरच्या खोलीत हाक दिली. तिथे बाबा मिक्सरचं झाकण दुरुस्त करत होते आणि आई शेजारी बसून उसवलेली उशी शिवत होती.

“बाबा, मग तुम्ही आईला काय उत्तर दिलं?”

बाबांचे हात थांबले. “दिलंच नाही.”

“काय देणार होता?”

“हो म्हणणार होतो. दुसरं काय म्हणणार होतो? पण जागा गेल्यावर हो म्हणून तिला अजून कशाला रडवायचं, असं वाटलं.”

आईने सुई उशीतच टोचून ठेवली. ती म्हणाली, “आज कळलं मला.”

मित्रांनो, मला ओरखड्यांपासून जपा, उन्हात ठेवू नका, हे मी सांगायला हवं, पण आता माझे दिवस भरले आहेत. त्यापेक्षा एक मागते. कुणाला मनापासून काही पाठवलंत तर ते उघडलं का, एवढं नक्की विचारा. आणि तुम्हाला आलेलं उघडलं नसेल तर ‘पाहिलं’ म्हणू नका, ‘उघडलं नाही’ म्हणा. समोरच्याला वाईट वाटेल, पण ते वाईट वाटणं एका दिवसाचं असतं. आमच्या घरात ते एक ‘पाहिलं’ पिटू लहानाची मोठी होईपर्यंत पुरलं.