दुसरी रेघ

खडूची कड बोथट झाली होती... निळा, चपटा, वापरून वापरून उरलेल्या साबणाच्या वडीएवढा. जाड रेघेत चूक लपते, असं मास्तर म्हणायचे. म्हणून तिने ब्लेडने कड तासली, फुंकर मारली आणि कोटाच्या राखाडी कापडावर मुंढ्याची गोलाई काढली, बाही जिथे बसते ती. हवी त्याहून दोन सूत, म्हणजे पाव इंच, आत. मुद्दाम.

मुद्दामच... गेली कित्येक वर्षं. मास्तर, म्हणजे या शिवणकामाच्या दुकानातले मुख्य बेतणारे, तिला कात्री धरायला शिकवणारे, कापण्याआधी तिच्या रेघेवरून आपल्या पांढऱ्या खडूने दुसरी रेघ ओढत, चुकलं असेल तिथे बाजूला सरकत, आणि मगच कात्री चाले. पुढे कधीतरी तिची रेघ बरोबर येऊ लागली. तेव्हा ते खडू हातात घेऊन नुसतेच उभे राहिले होते, परक्या घरी आल्यासारखे, आणि तिला ते बघवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने दोन सूत चूक ठेवली. "अगं पोरी, मुंढा काढतेस की केक कापतेस?" काय खूश झाले होते!

आणि मलाही बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू... कुणीतरी आपल्या मागून येतंय, आपण पडलो तर सावरेल.

आज संध्याकाळपर्यंत मालकीणबाईंना उत्तर द्यायचं होतं. मास्तर थकले होते, त्यांची जागा तिला मिळणार होती. पण पहिलं वर्षभर पाठीशी कोण हवं, ते तिनेच सांगायचं होतं. मास्तर, की बाहेरून येणाऱ्या त्या शिकवणाऱ्या बाई? बाई कशाला हात लावत नाहीत. एकदा आल्या तेव्हा तिच्या रेघेकडे बघून त्यांनी एवढंच विचारलं होतं, "तुम्हाला हे बरोबर वाटतंय का?" आणि तिला दरदरून घाम फुटला होता. आई म्हणाली, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागतेस?" आईचंही खरंच होतं. ज्यांचं बोट धरून चाललो, त्यांचंच बोट झटकायचं म्हणजे...

मास्तर आले. चष्मा कपाळावर, नेहमीसारखा. पांढरा खडू निळ्या रेघेवरून फिरला, कुठेही न अडता, त्या आत गेलेल्या गोलाईवरूनसुद्धा.

"छान. काप."

"मास्तर... मुंढा बघितलात?"

"तुझ्या कामात आता काय बघायचं गं?" ते हसले आणि पलीकडच्या टेबलाकडे गेले.

कात्री तिच्या हातातच राहिली. परवाही त्यांनी सुधारलं होतं ना? की परवा मीच म्हणाले होते, "जरा बाहेर घेऊ का?" आणि ते म्हणाले होते, "घे की"... त्याच्या आधीही मीच? म्हणजे मागे कुणीच नव्हतं. किती दिवसांपासून नव्हतं कोण जाणे. तिला त्यांचा राग आला, मग स्वतःचा, मग नुसतंच भरून आलं.

तिने ब्रशने दोन्ही रेघा झटकल्या. कापड कोरं झालं. आता खरी गोलाई काढायची, तिची स्वतःची, येत होती ती. तिने खडू टेकवला, हात सैल सोडला... आणि हात आपणहून दोन सूत आत वळला.

तिने पुन्हा झटकलं, पुन्हा काढलं. तेच. "तुम्हाला हे बरोबर वाटतंय का?" असं आज विचारायला तिथे कुणी नव्हतं, तरी ती मान खाली घालून त्या रेघेकडे बघत राहिली. बरोबर रेघ कुठून जायची, ते तिला आठवत नव्हतं.