ब्रेकताईंचं ऑपरेशन

ब्रेकताई गाडी शिकवायच्या. शिकणाऱ्याशेजारी बसून पायाखालचा जादा ब्रेक त्या इतक्यांदा दाबत, की त्यांचं खरं नाव मागेच पडलं.

त्यांच्या स्तनात गाठ सापडली आणि ती कॅन्सरची निघाली. फुप्फुसं नाजूक म्हणून सर्जनबाईंनी सांगितलं, पूर्ण भूल नको, तेवढाच भाग बधिर करून गाठ काढू आणि संध्याकाळी घरी सोडू. नवऱ्यानं त्यातलं ‘संध्याकाळी घरी’ तेवढं ऐकलं आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली. ताईंना धास्ती होती जागं राहण्याची. सगळं दुसऱ्याच्या हाती सोपवून बसणं हा त्यांचा रोजचाच धंदा, पण तिथं पायाखाली ब्रेक असायचा.

टेबलावर छातीसमोर हिरवा पडदा लावला. सुया टोचल्या, मग आत काहीतरी ओढलं जातंय एवढंच कळत राहिलं. दुखत नव्हतं, त्याचीच भीती वाटत होती. पडद्यापलीकडून सर्जनबाई म्हणाल्या, लायसन्स जुनं आहे, पण रिव्हर्स घेताना अजून हातपाय गळतात. ताई खुलल्या. आरसे कसे लावायचे, मान कधी वळवायची, सगळं फोड करून सांगू लागल्या. बाई हुंकार देत होत्या.

नर्सनं मध्येच विचारलं, पाय का हलतोय, दुखतंय का?

“नाही, बाईंचा वेग जरा जास्त वाटला.”

“बरं, हळू घेते,” बाई म्हणाल्या.

नंतर पट्टी नीट करताना नर्सनं सांगून टाकलं, की बाई गाडी झकास चालवतात. परवा याच टेबलावरच्या एका शिंपिणीला म्हणत होत्या, मला साधं बटण लावता येत नाही. ताईंना राग आला. एवढं जीव तोडून शिकवलेलं फुकट गेलं. बाई तपासायला आल्या तेव्हा त्या म्हणाल्या, “फसवलंत मला.”

“अर्धंच. आरशांचं खरंच ठाऊक नव्हतं.”

ताईंचा विश्वास बसला नाही, पण ऐकायला बरं वाटलं.

घरी पोचल्यावर नवरा आधी आडवा झाला. अर्धा दिवस बाकावर बसून त्याचा जीव अर्धा झाला होता. ताईंनी एका हातानं चहा केला.

पुढे रिपोर्ट आला. गाठीभोवतीची कड स्वच्छ होती, तिथं कॅन्सर उरला नव्हता; आता रेडिएशन तेवढं राहिलं होतं. ते ऐकून ताई पहिल्यांदाच रडल्या, अगदी हुंदके देऊन. नवरा गोंधळला. ही बातमी चांगली ना, असं त्यानं हळूच विचारलं.

“चांगलीच आहे,” ताई म्हणाल्या आणि रडत राहिल्या.