एक टिचकी

मी एक जुनी लाकडी नळी आहे. एका टोकाला पसरट, दुसऱ्या टोकाला चपटी. पसरट तोंड गरोदर बाईच्या पोटावर टेकवायचं, चपट्या बाजूला कान लावायचा, की बाळाच्या काळजाचे ठोके ऐकू येतात. मित्रांनो, माझं सारं आयुष्य सेवेत गेलं.

हे शेवटचं वाक्य खोडा. पुन्हा सुरुवात करते.

मी एक जुनी लाकडी नळी आहे, आणि वर्षानुवर्षं मी एक खोटं सांगत आले.

जन्मापासून सांगते, म्हणजे धीर येईल. लाकूड कातणाऱ्या एका कारागिराने मला खुर्चीचा पाय घडवून उरलेल्या तुकड्यातून घडवलं. तिथून मी एका लहानशा प्रसूतिगृहात आले, मावशींच्या हातात. त्या तिथल्या सुईण. सगळं गाव त्यांना मावशीच म्हणे. त्यांचा कान तयार होता, हात हलका होता. पण त्यांची एक सवय होती. ठोके ऐकून झाले की त्या मला टेबलावर हलकेच आपटत; त्या आवाजाला त्या टिचकी म्हणत. ठोके भरभर असले तर दोन टिचक्या, म्हणजे मुलगी. सावकाश असले तर एक, म्हणजे मुलगा. बायका हसत, लाजत. अंदाज निम्म्या वेळा बरोबर येई, आणि चुकलेला कुणी लक्षात ठेवत नसे. माझं फार कौतुक झालं. मला ते आवडायचं, हे आधीच सांगून टाकते.

एका दुपारी ब्लाउज शिवणारी एक बाई आली. नववा महिना भरत आलेला. सोबत तिचा नवरा, घड्याळं दुरुस्त करणारा.

"मावशी, कालपासून पोर गप्प आहे."

"शेवटी जागाच कुठे उरते ग आत? गप्पच होतात सगळी. नीज बघू."

मावशींनी मला टेकवलं. मी ऐकलं. ठक्... ठक्... मावशी हसल्या आणि मला टेबलावर आपटलं. एक टिचकी.

"मुलगा! बापासारखाच निवांत."

घड्याळजी हसला नाही. "निवांत म्हणजे किती?"

"किती म्हणजे? माझा कान सांगतो."

"मावशी, घड्याळ मागे पडायला लागलं तर आम्ही त्याला निवांत म्हणत नाही. उघडून बघतो." त्याने मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"आता तुम्ही मला शिकवा," म्हणत मावशींनी पुन्हा कान लावला. मिनिटभर मोजलं. मग आपण आईचीच नाडी तर ऐकत नाही ना, हे बघायला बाईचं मनगट धरून तिची नाडी वेगळी मोजली, आणि बाळाचे ठोके परत मोजले. त्यांचा कान माझ्यावर गार पडत गेला. अठ्ठ्याऐंशी. निदान एकशे दहा तरी हवे होते.

"गाडी बोलवा," त्या म्हणाल्या. "आत्ता."

मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, तेव्हा मी मावशींच्या खिशात होते. मुलगी झाली. ती उशिरा रडली, आणि तिला काचेच्या पेटीत ठेवलं. नाळेचे दोन वेढे मानेला आवळले होते. ठोके मंद होते, कारण तिचा जीव गुदमरत होता.

संध्याकाळी ती ब्लाउज शिवणारी बाई शुद्धीवर आली आणि रडायला लागली. "मीच केलं हे. मावशी, तुम्ही बजावलं होतं, हात वर करू नकोस, नाळ गुंडाळेल. मी रोज ब्लाउज वरच्या खुंटीला टांगत होते."

मित्रांनो, मावशी गप्प राहू शकल्या असत्या. दोष आयताच दुसऱ्याच्या पदरात पडला होता. खिशात त्यांची मूठ माझ्याभोवती घट्ट आवळली.

"हात वर केल्याने नाळ गुंडाळत नाही, पोरी. मघाशी डॉक्टरांना विचारून आले. पोर आत कोलांट्या मारतं, त्यात नाळ अडकते. मी ऐकीव सांगत होते. आणि शेवटी बाळं गप्प होतात, हेही खोटं. गप्प वाटलं की त्याच दिवशी तपासायचं असतं. तू सांगितलंस आणि मी हसले. चूक माझी आहे."

तिने आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले.

"मग माझ्या हातांचं काही नाही ना?"

"काही नाही ग."

मुलगी जगली. घड्याळजीने ते घड्याळ दोरीने माझ्या मानेला बांधून दिलं. त्यानंतर मावशींनी मला कधी आपटलं नाही. भरभर ठोके मुलीचे आणि सावकाश मुलाचे, याला काही आधार नाही, हे त्या येणाऱ्या प्रत्येकीला सांगू लागल्या. काही बायका हिरमुसून दुसरीकडे गेल्या.

आता माझ्या जागी यंत्र आहे. मी कपाटात असते, घड्याळासकट. मित्रांनो, माझ्यावरची धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण तुमच्या घरात कुणी म्हणालं, "बाळ गप्प आहे," तर हसू नका. तिला घेऊन निघा, आणि ठोके मोजायला लावा.

कारण त्या दुपारच्या आधीही मी पुष्कळदा एकच टिचकी दिली होती. त्या बायकांपैकी तिघीजणी बाळंतपणाला आल्या नाहीत, की नंतर बाळ दाखवायलाही आल्या नाहीत. कदाचित गाव सोडून गेल्या असतील. मावशींनी कधी चौकशी केली नाही, आणि मला विचारता येत नाही.

त्या तिन्ही बाळांचे ठोके मी ऐकले होते. मोजले नव्हते.