मुक्कामघराला एकच हौद

घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं म्हणतात, त्यातलं शिंगरू मी. बोरमाळावरच्या मुक्कामघराचा नकाशा काखेत मारून लातूरहून उदगीर, तिथून मिळेल त्या एसटीनं फाटा आणि फाट्यापासून पायी माळ, असा माझा उद्योग चालला होता. लातूर जिल्हा होऊन दोनच वर्षं झाली होती. कचेरीवरची पाटी नवी कोरी, आत खुर्च्या कमी आणि साहेब जास्त. त्यात पावसानं पाठ फिरवलेली.

माळाच्या पायथ्याशी पाझर तलावाचं दुष्काळी काम सुरू होतं. पार मुखेडकडून माणसं खडी फोडायला यायची आणि रात्री लिंबाखाली उघड्यावर पडायची. त्यांच्यासाठी, आणि पुढं बाजाराला जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी, सगळ्यांचं मिळून एक मुक्कामघर बांधायचं ठरलं आणि कचेरीतला इंजिनिअर म्हणून ते काम माझ्याकडे आलं. सिमेंट परमिटवर मिळायचं, म्हणजे मिळायचं नाही. साहेब मला म्हणाले, माळावर जे आहे त्यातच भागवा. ते वैतागून म्हणाले असतील, मला मात्र पर्वणी वाटली.

तलावाच्या खोदाईत निघालेल्या दगडाच्या भिंती घेतल्या. पश्चिमेची भिंत जाड आणि बिनखिडकीची ठेवली, कारण उन्हाळ्यात झळा तिकडूनच येतात. एकही लिंब तोडायचा नव्हता. सगळ्यात मोठा लिंब अंगणात घेतला आणि खोल्या त्याच्याभोवती बसवल्या. वर पांढऱ्या मातीचं माळवद, त्याला उतार, आणि उतारावरचं पाणी पन्हळीतून थेट अंगणातल्या हौदात. स्वयंपाकाला एक ओसरी, पाण्याला एक हौद. तलावाच्या कामावर पिण्याचे माठ दोन होते आणि कुणाचा कुठला हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. दिवसभर एकाच खड्ड्यात घाम गाळणारी माणसं निदान संध्याकाळी एका ठिकाणी पाणी भरतील, एवढ्यासाठी मी तो नकाशा जीव लावून काढला होता.

अडलं होतं ते हणमंतरावांच्या सहीपाशी. जागा त्यांची. ती दान देतो म्हणून सभेत त्यांनी टाळ्या घेतल्या होत्या, पण बक्षीसपत्रावर सही करायची म्हटली की त्यांना नकाशात काहीतरी सापडायचं. आधी म्हणाले दार पूर्वेला करा. केलं. मग म्हणाले चूल आग्नेयेला पाहिजे. हलवली. मग वडिलांच्या नावाची शिळा, ती आधी आत, मग बाहेर. एकदा तर म्हणाले, आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठून येनार, पाऊस न्हाई अन् हौद कशाला करून राहिलाव? प्रत्येक वेळी वर हे होतंच, की बाकी नकाशा लई झ्याक हाय. मी ते वाक्य ऐकलं की माझ्या दाढा एकमेकींवर बसायच्या.

पण माणूस घरी आलेल्याला उपाशी सोडायचा नाही. गावात हॉटेल नव्हतं. धुरपताबाई, त्यांची बायको, मला स्वयंपाकघरात पाट मांडायच्या आणि करडईच्या तेलातलं पिठलं, भाकरी, ठेचा वाढायच्या. दुष्काळात इतकं चवीचं जेवण मी दुसरीकडे जेवलो नाही. पाणी मी उठून रांजणातून स्वतः घ्यायचो. त्यांनीच तसं सांगितलं होतं, घरच्यासारखं राहा म्हणून.

हा पाहुणचार माझ्या आडनावाचा होता, हे मला कळत होतं. मी नरसिंग सूर्यवंशी, देगलूरकडचा. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आम्ही बौद्ध. आमच्या मुलखात सूर्यवंशी आमच्यात आहेत तसे मराठ्यांतही आहेत. पहिल्याच दिवशी हणमंतरावांनी आडनाव विचारलं, गाव विचारलं, देगलूरकडे आपले पाहुणे असल्याचं सांगितलं आणि स्वतःच निकाल लावून टाकला. मी कामाला आलो होतो, सोयरीक जमवायला नव्हे. पुढचा प्रश्न त्यांनी विचारला असता तर उत्तर तयार होतं.

त्या दिवशी मी शेवटचा नकाशा आणि बक्षीसपत्र घेऊन गेलो. नकाशातली रेघ आता केसभरही हलणार नाही असं मनाशी ठरवूनच. हणमंतरावांनी तो ओसरीवर पसरला, पेन मागितलं आणि ते हातात धरून माझ्याकडे सरकले. आवाज खाली आणला.

"साहेब, तुमी आपल्यातले म्हनून बोलून राहिलो. भिंतीच्या मागं एक बारका हौद काढा. त्येंच्यासाठी. मधल्या हौदावर त्येंचा हात नको."

मला राग आला, आणि त्याहून जास्त कंटाळा आला. चार महिने मी दारं हलवत होतो, चुली फिरवत होतो, आणि या माणसाच्या मनात पहिल्यापासून एवढंच होतं.

मी म्हणालो, "काढतो की. पण त्या हौदावर आधी तुम्हाला पाणी भरावं लागेल. मी बौद्ध आहे, हणमंतराव. चार महिने तुमच्या रांजणात माझाच हात आहे."

ते माझ्यापासून मागे सरकले. मग विचारलं, हे आधी कामून न्हाई सांगितलं? मी म्हणालो, तुम्ही कुठं विचारलंत? आणि दुसरा हौद नकाशात आला, तर तो कुणासाठी आणि का, हे गावच्या सभेत मलाच समजावून सांगावं लागेल, तेव्हा तुमच्या रांजणाचंही सांगेन. ही धमकी होती. देताना मला जराही लाज वाटली नाही.

हणमंतरावांनी बक्षीसपत्रावर सही केली. कागद माझ्याकडे न देता जमिनीवर ठेवला.

"एकच हौद करा," ते म्हणाले. "पर गावात बोलू नगा."

"कुणी विचारलं तर सांगेन," मी म्हणालो.

मी सही वाचली, कागद उचलला, गुंडाळी केली. महिन्यांमागून महिने ज्यासाठी खेटे घातले ते हातात होतं, आणि मला आनंद होत नव्हता. हा माणूस बदलला नव्हता, नुसता अडकला होता. मुक्कामघराला हौद एकच राहणार होता, तोही त्याला त्याच्या घराची अब्रू वाचवायची होती म्हणून.

तेवढ्यात धुरपताबाई आतल्या दारात आल्या. आमचं सगळं बोलणं त्यांच्या कानावर गेलेलं होतं, ते तोंडावर दिसतच होतं.

"पानं वाढलीत," त्या म्हणाल्या. "दोघांचीबी."

हणमंतराव माझ्याकडे न बघता बोलले. "साहेबाला घाई हाय. एसटी गाठायचीय त्येंला."

मला कसलीही घाई नव्हती. मी तसं सांगितलं, चपला काढल्या आणि आत जाऊन पाटावर बसलो.