लाल फितीचा घड

२०१९ सालच्या एप्रिलमधली गोष्ट. चोपड्याच्या उत्तरेला आमचं केळीचं शेत आहे. गुडघ्यांमुळे मी वर्षभर तिकडे फिरकले नव्हते. त्या दिवशी माझी नात दिपमाला मला हात धरून घेऊन गेली. नऊ वर्षांची होती. एका घडात, दोन फण्यांच्या मधे, बुलबुलानं घरटं केलं होतं. आत दोन पिल्लं होती, डोळे मिटलेली, अंगावर पिसं नसलेली.

"परवा घड कापायला येणार आहेत, आजी. मग यांचं काय?"

"खूण करून ठेवू," मी म्हटलं.

माझ्या माहेरी, यावलकडे, कानबाई देवीसाठी राखलेल्या घडाला लाल चिंधी बांधत. त्या घडाला कोणी विळा लावत नसे. दिपमालानं लगेच वेणीची शाळेची लाल फीत सोडली. घडाला आधीच एक निळी फीत होती. शेतभर अशा रंगीत फिती होत्या. माझ्या मुलानं, नवलनं, त्या यंदाच बांधल्या होत्या. कशासाठी, ते मी विचारलं नव्हतं. अलीकडे मी फारसं विचारत नाही. सांगणाऱ्याला घाई असते.

"निळी सोडू का?"

"सोड. दोन खुणा कशाला?"

कापणीच्या दिवशी तिची सकाळची शाळा होती. दुपारी आली, दप्तर टाकलं आणि थेट शेताकडे पळाली. मी काठी टेकत मागून पोचले. आमचा घड बांधावरच्या ढिगात पडला होता. मुकादम लोटननं घरटं उचलून शेजारच्या केळीच्या पानाच्या बेचक्यात ठेवलं होतं. पिल्लं चोची उघडून होती. बुलबुल तारेवर ओरडत होता, खाली येत नव्हता. दिपमाला घरट्यापाशी उभी होती.

लोटन वीस वर्षं आमच्याकडे येत होता. तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "लाल फीत व्हती ना, अक्का. लाल म्हंजे आज कापानं. निळीले आजून पंधरा दिन बाकी."

पंधरा दिवसांत पिल्लं उडून गेली असती. आम्ही काहीच बांधलं नसतं, तरी उडून गेली असती.

दिपमाला आली. "आजी, कोणी कापला?"

"लोटननं," मी म्हटलं. "त्याचं लक्ष नव्हतं."

लोटननं माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. "हाव बाई," तो म्हणाला, "मन्हीच चूक."

संध्याकाळी जेवताना नवल हसत म्हणाला, "एक कच्चा घड गेला आज. निळ्या ओळीत लाल फीत कुठल्या शहाण्यानं बांधली कोण जाणे. लोटन तरी काय करणार, रंग बघूनच कापतो तो."

दिपमालाचा घास हातातच राहिला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी कोशिंबिरीचं भांडं पुढे केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घरट्यात मुंग्या होत्या, असं नवलनं सांगितलं. ती बघायला गेली नाही. त्या दिवशी तिनं वेणी स्वतःच घातली, वाकडी. आणि तेव्हापासून मी काही सांगितलं की ती बापाला विचारायची, "पप्पा, आजी म्हणते ते खरं आहे का?"

लोटननं दोन वर्षांनी काम सोडलं. एकदा भेटायला आला होता. मला सांगायचं होतं ते ओठांवर आलं, पण आम्ही चहा प्यायलो आणि उन्हाविषयी बोललो. पुढच्या पावसाळ्यात तो वारला. नवल अजून फिती बांधतो, आता मला रंग पाठ आहेत. दिपमाला अकरावीला जळगावला वसतिगृहात असते. दर रविवारी फोन करते, प्रेमानंच बोलते. गोळ्या घेतल्या का, विचारते. मी हो म्हणते. मग ती फोन नवलकडे द्यायला सांगते.